वर्ग आठ, खोली ९४४४

मकाव, ३ ऑक्टोबर

ती. वाय-हिंगताईस यूक-लानचा शि. सा. न. वि. वि.

शनिवारी शाळेचे पांढरे बूट खडूने रंगवून आपण गच्चीच्या कठड्यावर वाळत ठेवायचो. माझा एक हमखास खाली पडायचा आणि तो आणायला सहा जिने तूच धावायचीस. आता फोनवर एक वाक्य बोलताना तुला दम लागतो, म्हणून हे पत्र.

तू सहलीसाठी ठरवलेलं जहाज दुरुस्तीला गेलं आणि कंपनी दुसऱ्या जहाजावर ‘त्याच वर्गाची’ खोली देते आहे, असं का-मानने कळवलं. तुझी लेक हुशार आहे, पण प्रवासी कंपनीच्या खिडकीमागे तीस वर्षं मी बसले आहे. ताई, जहाजावरचे वर्ग म्हणजे शाळेच्या इयत्ता नव्हेत, की आठवी कुठेही आठवीच. जुन्या जहाजावर वर्ग आठ म्हणजे मधोमध, लिफ्टजवळ, उघडी बाल्कनी. नव्या जहाजावर तोच आकडा पार पुढच्या टोकाला आहे. खिडकी न उघडणारी, आणि तिच्यासमोर बचावनौका टांगलेली. कंपनी भाडं जुळवते, हवा जुळवत नाही. आणि डॉक्टरांनी तुला उघड्या हवेच्या अटीवरच सोडलं आहे.

जहाजाचा नकाशा सोबत आहे. त्यावर हिरवी केलेली ९४४४ अजून रिकामी आहे. रुंद दार, बाल्कनी, तुझ्या प्राणवायूच्या यंत्रासाठी पलंगाशीच प्लग. आकडा बघून नाक मुरडू नकोस. धाकटीवर राग धरू नये, माया असू द्यावी.

तुझी
यूक-लान


हाँगकाँग, ८ ऑक्टोबर

चि. यूक-लान हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बदामी बिस्किटांचा वाटेत भुगा झाला, तरी चमच्याने खाल्ला. नकाशा भिंग लावून पाहिला. एका दारावर तीन चौकार, आणि ‘चार’ म्हटलं की आपल्या बोलीत कानाला ‘मरण’च ऐकू येतं. ज्या गावात इमारतींना चौथा मजला ठेवत नाहीत, तिथल्या आजारी बाईला तू त्या दारामागे झोपवतेस. शाळेतल्या सिस्टर आपल्याला या आकड्यांवरून हसायच्या, ठाऊक आहे. पण त्यांनाही मी तेरा जणींच्या टेबलाशी बसलेलं कधी पाहिलं नाही.

मी आपला भाग्याचा आठच घेतला. खोली ८१८८. मावशी काय म्हणते, असं का-मानने विचारलं. मी सांगितलं, मावशी निवृत्त झाली, पण तिची खिडकी अजून बंद झाली नाही. हवा हवीशी वाटली तर वर डेकवर जाऊन बसेन. काळजी करू नकोस, लोभ मात्र कमी करू नकोस.

तुझी
ताई


मकाव, १२ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

जहाज सुटायला आठवडा आहे. अजून बदलता येईल. डेक म्हणतेस, पण वारा वाढला की डेकची दारं कुलूपबंद करतात, आणि हे वादळाचे दिवस आहेत. मला हवं तेवढं बोल, पण का-मानला आजच फोन करायला सांग.

यूक-लान


नाहा बंदर, २४ ऑक्टोबर

चि. यूक-लान हिस आशीर्वाद.

मधे मधे थांबून लिहिते आहे, अक्षरावरून कळेलच. वाऱ्यामुळे तीन दिवस डेक बंद होता. खिडकीतून बचावनौकेचं पोट तेवढं दिसतं. प्लग दाराशी आहे, नळी पलंगापर्यंत पोचत नाही, म्हणून खुर्चीतच झोपते. तुझं खरं होतं. हसायचं ते आत्ताच हसून घे.

काल दोनदा ओठ निळे पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथे उतरून इस्पितळात चला. मी म्हटलं, परक्या गावात मी मरायला उतरणार नाही. मग त्यांनी दुसरी खोली शोधली. एक जोडपं इथे उतरलं, त्यांचीच रिकामी आहे. कुठली, ते तू ओळखलंच असशील. दुसरी नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आजी, दुसरी नाही आणि वेळही नाही. जेवणानंतर मला चाकांच्या खुर्चीतून तिकडे नेणार आहेत. जाते. भांडायला श्वास उरला नाही.

आजवर जीव लावलास, तसाच लावून ठेव.

तुझी
ताई

ता. क. त्या दारातून आत जाण्याआधी एवढं उतरवून घे. जेडचं कांकण का-मानला; साबण लावून काढायला सांग, ओढू नये. सूपचं मातीचं भांडं शेजारच्या फोंगबाईंना, तसंही ते वर्षातले दहा महिने त्यांच्याकडेच असतं. निळा लोकरी कोट तुला, बाह्या दुमडाव्या लागतील. यंत्र दवाखान्याचं आहे, ते परत द्यायचं. जहाज परतेल तेव्हा तू धक्क्यावर ये, का-मानला खोलीत एकटीला पाठवू नकोस. यंत्र चालूच असेल. बटण डाव्या अंगाला, खाली आहे.