ताईच्या खिडकीला चादर

ताई,

खोलीत शिरल्यावर चुकून शेजारी आलीस असं वाटेल, पण घर आपलंच आहे. तुझ्या खिडकीवरची वर्तमानपत्रं मी काढली. समोरच्या इमारतीतल्या त्या गृहस्थांनी तुझ्याशी ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून ती तिथे आहेत. भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि मला रोज तेच जुनं हवामान वाचावं लागतं.

पडदा म्हणजे आपली निळी चादर. नवीन पडदे परवडत नाहीत आणि चादरीची काही तक्रार नव्हती. खिडकीची उंची सहा विती, असं तू मागे मोजून सांगितलं होतंस. मी सहा विती कापली. पण तुझी वीत चिमणीची आणि माझी फावड्याची, हे पडदा टांगल्यावर कळलं. तो खिडकी संपवून खाली उतरतो आणि तुझ्या टेबलावर बसतो. दमला असेल बिचारा.

दांडी म्हणजे झाडूचा दांडा, तेव्हा केर काही दिवस वाकून काढू.

आई म्हणाली, "तिला विचारलंस का?"

मी म्हटलं, "विचारलं असतं तर नको म्हणाली असती."

त्यावर ती उठून सुईदोरा घेऊन आली. काठ तिनेच शिवलाय.

मी शेजारच्यांची शिडी परत करायला चाललोय. रागवायचं तर जेवून रागव, पण कागद पुन्हा चिकटवू नकोस. तो बघेल म्हणून तू किती दिवस अंधारात बसणार? बघेना का. खिडकी आता बघण्यासारखी झाली आहे.

धाकटा