पारूच्या कांजिण्या

नगर, ता. ९ मार्च १९४६

ती. आईस,

चांगुणेचा पाया पडून नमस्कार. बोर्डिंगात कांजिण्यांची साथ आहे, पण मी ठणठणीत आहे. काळजी करू नकोस.

माझ्या शेजारच्या पारूला मात्र आल्या. तिची आई श्रीगोंद्याहून लगेच आली. पाय धुऊन पारूजवळ बसते, कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालते, दहीभात भरवते. पारूला एवढं काही होत नाही, नुसती लाडात कण्हते.

आपली कपिली व्याली का? व्याली असेल तर आता तिच्याकडं अण्णाही बघतील.

परवा मी पारूचं उष्टं दूध प्याले. अंगावर अजून एक फोड नाही.

बाई म्हणतात, एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत. मला लहानपणी येऊन गेल्या असतील, तर कळवू नकोस.

तुझीच,
चांगुणा