आईचं लग्नाआधीचं नाव

विश्रांतवाडी, पुणे

ती. आईस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, डबाही बरा असतो. तुझ्यासाठी साडी घेतली, तर बँकेने माझं क्रेडिट कार्डच बंद केलं. कार्ड चोरीला गेलं असं त्यांना वाटलं. मी कशाला साडी घेईन!

ते पुन्हा सुरू करायला फोन केला, तेव्हा तिथल्या बाईंनी आईचं लग्नाआधीचं नाव विचारलं. मी पटकन 'रजनी' म्हणालो. त्या म्हणाल्या, "चुकलं." मग आठवलं, ते तर बाबांनी लग्नात तांदळात लिहिलेलं नाव. 'वेणू' म्हटलं आणि कार्ड चालू झालं.

बाबांचा गुडघा कसा आहे?

इथे मला सगळे आडनावानेच हाक मारतात. आई, तुला वेणू म्हणणारं आता कोण उरलंय गं?

तुझा,
दत्तू