दोनशे छप्पन्न आणि पाचशे बारा

बाई, आज सकाळी मी घरच्या कॉम्प्युटरमध्ये रॅमच्या दोन वेगवेगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या आणि मशीन चालू झालं. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. मशीन मुलीचं, सात-आठ वर्षं जुनं. तिच्या कॉलेजच्या कामाला त्याची मेमरी पुरेना. तशीच जोडीची पट्टी कुठं मिळेना, म्हणून माझ्या कपाटात पडून असलेली एक काढली. एक चार जीबीची, दुसरी आठची. कंपनी वेगळी, वेगही वेगळा. बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडद्यावर बारा जीबी आले. मुलगी म्हणाली, "झालं? बरं." आणि कानाला हेडफोन लावून बसली. तिचं चुकलं असं नाही. तिच्या लेखी मशीन चालू होणं म्हणजे नळाला पाणी येणं. मी मात्र स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून उभीच राहिले. इतकी वर्षं हेच काम करते. बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेची सगळी मशीनं माझ्याच हाताखाली आहेत. तरी दोन अनोळखी पट्ट्या एकमेकींना धरून चालायला लागल्या की माझ्या अंगावर काटा येतो. असा काटा आलेलं दुसरं माणूस मी एकच पाहिलं. ते म्हणजे तुम्ही.

सदलग्याच्या शाळेत तुम्ही आम्हाला गणित शिकवायचात. फळ्यावर हातानं काढलेलं तुमचं वर्तुळ कंपासनं काढल्यासारखं यायचं. आठवीत मला एका सिद्धतेची तिसरी ओळ कळेना, म्हणून मी दुसऱ्यांदा हात वर केला. तुम्ही खडू खाली न ठेवता म्हणालात, "तुझ्या एकटीसाठी वर्ग थांबणार नाही. बस खाली." मी बसले ती बसलेच. दहावीला गणितात नापास झाले, मग आईबरोबर दुसऱ्यांच्या रानात भांगलायला गेले, पुढं ऑक्टोबरच्या परीक्षेत कशीबशी सुटले. चिकोडीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आधी झाडलोट केली, मग टायपिंग शिकले, मग बिघडलेली मशीनं उघडायला लागले. तुमच्या घराच्या रस्त्यानं मात्र कधी जात नव्हते. लांबचा रस्ता धरायची.

आणि एक दिवस तुमचाच निरोप आला. तुम्ही रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. मी दारात आले तेव्हा तुम्ही माझ्या आवाजाच्या बाजूला तोंड वळवलंत आणि म्हणालात, "तिसऱ्या बाकावरची ना तू?" मी हो म्हणाले. तुम्ही सरळ कामाला हात घातलात. रिटायर झाल्यावर घेतलेलं मशीन टेबलावर होतं. त्यात मराठी शाळेतल्या पोरांसाठी लिहायला घेतलेलं भूमितीचं पुस्तक होतं. बावीस धडे झाले होते, डोळे गेले आणि लिहिणं थांबलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम असतो असं तुम्ही कुठंतरी ऐकलं होतं. मी तो आणून घातला. पण मशीनला ते ओझं पेलेना. पुढच्या आठवड्यात गेले तर तुम्ही म्हणालात, "मी 'क' दाबला, आत जाऊन चहा टाकला, गाळला, प्याले. मग ते 'क' म्हणालं."

त्यात दोनशे छप्पन्न एमबीची एकच पट्टी होती. दुसरी तशीच आणायला मी बेळगावला गेले. दुकानदार म्हणाला, "तसली आता येत न्हाय. दुसरी कुठली लावू नकोस, अडकत बसंल. बोर्ड जळला तर माझ्याकडं येऊ नकोस." आमच्या क्लासमध्ये एक मशीन कायमचं बंद पडलं होतं. मालकाला विचारून त्यातली पाचशे बाराची पट्टी काढून घेतली आणि रुमालात गुंडाळून सदलग्याला आणली.

ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल ओढलंय, कारण तिथंच उजेड आहे. मी स्क्रू काढते तसा एकेक तुमच्या तळहातावर ठेवते, तुम्ही मूठ मिटून मोजता. "सहा," तुम्ही म्हणता. पट्टी बसवून बटण दाबते, तर मशीन लांब, एकसुरी पीं... पीं... करायला लागतं.

"हे रडतंय का गं?"

"मेमरी सापडंना झालीया त्याला, बाई."

काढते. कपाटात तुमचा जुना खोडरबर सापडतो, त्यानं पट्टीचे सोनेरी दात घासते, फुंकर मारून परत बसवते. या वेळी चालू होतं, पाच मिनिटं चालतं आणि पडदा निळा होऊन अडकतं. परत चालू करते, परत निळा. बावीस धडे त्या एकाच मशीनमध्ये होते, दुसरीकडं कुठं उतरवलेले नव्हते. आणि खरं सांगायचं तर असल्या मिसळीचा मला काडीचा अनुभव नव्हता. मी म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ दे. माझ्या हातनं सगळंच जाईल. बावीस धडे हाईत."

तुम्ही मूठ उघडली नाहीत. "धडे गेले तर माझ्या डोक्यात आहेत गं. पुन्हा सांगीन. पण मी लिहिलेलं मला कुणी वाचून दाखवलं नाही, तर बरोबर आहे का चूक हे मला कसं कळायचं? लाव परत."

मी दोन्ही पट्ट्यांच्या जागा बदलल्या. मोठी पहिल्या खाचेत, लहान दुसऱ्या. बटण दाबलं. पीं झालं नाही. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावायला लागले, पळत पळत एके ठिकाणी थांबले, आणि मी ते मोठ्यानं वाचले. "सात लाख शहाऐंशी हजार चारशे बत्तीस."

"हे कसले?"

"मेमरी, बाई. एक हजार चोवीसनं भागायचं."

तुम्ही मान जराशी वर केलीत. फळ्यासमोर उभं राहून विचार करताना करायचात तशी. मला वाटतं तीन श्वास गेले असतील. "सातशे अडुसष्ट," तुम्ही म्हणालात. "दोनशे छप्पन्न आणि पाचशे बारा. दोनचा आठवा घात आणि नववा. नुसती बेरीज? कंपनी वेगळी, माप वेगळं, तरी?"

"व्हय बाई. नुसती बेरीज. फक्त वेग दोघींचा एक करावा लागतो. जलद पट्टी हळू पट्टीच्या चालीनं चालते."

मग मूठ उघडून सहाही स्क्रू माझ्या हातात दिलेत. "वर्गात मला हे जमलं नाही," तुम्ही म्हणालात. "तू दोनदा हात वर केला होतास." मी खाली वाकून झाकण बसवायला लागले, कारण वर बघणं शक्य नव्हतं. तुम्हाला दिसत नव्हतं, तरीही.

मग प्रोग्राम चालू केला. एक सपाट, हिंदी वळणाचा पुरुषी आवाज तुमचा चौथा धडा वाचायला लागला. आता तो कुठंच अडकेना. शब्दामागं शब्द येत गेला. तुम्ही टेबलाची कड दोन्ही हातांनी धरलीत. तुमचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. आवाज ऐकून शेजारच्या कानडी बोलणाऱ्या आक्का दारात आल्या. "यार बंदाररी, टीचर?" कोण आलंय, बाई? तुम्ही त्यांच्याकडं न वळता म्हणालात, "माझं पुस्तक वाचणारा." आणि लगेच ओरडलात, "थांबव! थांबव त्याला! मागचं वाक्य परत."

मी परत लावलं. 'समभुज त्रिकोणात पायालगतचे दोन कोन समान असतात.'

"समद्विभुज!" तुम्ही म्हणालात. "समभुजात तिन्ही समान. दोन वर्षं ही चूक इथं बसली होती, आणि मी शंभरदा इथून गेले असेन." आणि तुम्ही हसायला लागलात. शाळेत तीन वर्षांत मी तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. आक्काही हसायला लागल्या, त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं तरी. डोळे गेलेल्या एका बाईनं स्वतःची चूक स्वतः पकडली होती, आणि ती ज्याच्या जिवावर पकडली ते म्हणजे मेलेल्या मशीनमधून काढलेला बोटभर तुकडा. मी त्या हिरव्या पट्टीकडं झाकणाच्या फटीतून बघत राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण धरलेलं काम लहान नाही.

पुढं तुम्ही एकटीनं उरलेले लिहून अडतीस धडे पूर्ण केलेत. आकृत्या मी काढल्या. तुम्ही त्या बोटांनी हवेत सांगायचात आणि मी चुकले की नुसत्या माझ्या गप्प बसण्यावरून ओळखायचात. शाळेत पुस्तकाच्या झेरॉक्स काढून पोरांना वाटल्या, नंतर आसपासच्या गावांतल्या शाळांनीही मागून नेल्या. तुम्ही गेलात तेव्हा मी कोगनोळीच्या नाक्यावर एका दुकानाचं मशीन दुरुस्त करत होते. निरोप मिळून पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी एक सांगून टाकते. तुमचं पुस्तक मी पहिल्यापासून सोडवत आले, रविवारी एक-दोन उदाहरणं, कुणाला न सांगता. शेवटच्या धड्यातलं अकरावं मला अजून सुटलेलं नाही. मुलीला विचारलं तर ती पाच मिनिटांत सांगेल, पण विचारत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर उत्तरं दिलेली आहेत. ते पान मी अजून उघडलेलं नाही, बाई.