साडेसातची नर्स

११ जानेवारी

बसवलं! लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये टीव्हीचं कार्ड बसवलं. दुरुस्तीवाली बाई आली, डबा उघडला, आत एक हिरवी पट्टी खोचली, मागून केबल जोडली आणि अर्ध्या तासात पडद्यावर बातम्या सुरू!

हे आठ वाजता फिरून आले आणि दारातच थबकले. या घरात टीव्ही नको असं ठरलं होतं ना, म्हणाले. कधी ठरलं होतं? लेक घर सोडून गेली त्या दिवशी ह्यांनी टीव्ही उचलून देऊन टाकला. मला कुणी विचारलं होतं?

मी म्हटलं, "हा टीव्ही नाही. कॉम्प्युटर आहे."

ह्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली, आमच्याकडे पाठ केली आणि पेपर उघडला. बसा!

१२ जानेवारी

बहिणीचा निरोप आला म्हणून हा सगळा खटाटोप. लेकीला काम मिळालंय, साडेसातच्या मालिकेत रोज असते. एवढंच. बहिणीकडून आलेला निरोप कायम अर्धामुर्धाच असतो. लेकीचा नवा नंबर तिच्याकडे आहे, पण मला द्यायचा नाही. नाव झालं की मीच येईन, तोवर कुणी फोन करायचा नाही, असा लेकीचा हुकूम. बाप तशी लेक.

भांडण कशावरून? ह्यांनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तिलाही तिथेच चिकटवलं. वर्षभरात तिने राजीनामा दिला – मला नाटकसिनेमात काम करायचंय! हे म्हणाले होते, "पडद्यावर तोंड दिसलं की मगच या घरात तोंड दाखव."

ठीक आहे. शब्द तुमचाच आहे. मी रोजचा भाग रेकॉर्ड करणार आणि एक दिवस तुम्हाला समोर बसवून दाखवणार. मग माझ्या लेकीला दारात कोण अडवतं ते बघून घेईन.

१५ जानेवारी

सापडली!! नर्स आहे. मालिका हॉस्पिटलातली. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, पण चाल तीच – डावा खांदा जरासा खाली. डॉक्टरांच्या मागून ट्रे घेऊन येते, ठेवते, जाते. बोलत नाही. चाळीस सेकंद. तीनदा मागे नेऊन पाहिलं.

हे तोवर फिरून आले होते, खिडकीबाहेर बघत होते. मी आवाज मुद्दाम वाढवला.

२८ जानेवारी

बहिणीला सांगितलं, नर्स झालीय. असेल बाई, म्हणाली. ती मालिका बघतच नाही, तिची ती वेळ शिकवणीची.

मालिकेत एक आत्याबाई आहे. हॉस्पिटल बळकावायला निघालेली. तोंड उघडलं की थांबत नाही. तिचा तो घोगरा, ठसक्यातला आवाज ऐकला की माझ्या अंगाची लाही लाही होते. कुणी तरी तिच्या तोंडाला कुलूप घाला!

९ फेब्रुवारी

हे म्हणाले, "तोंड दिसलं का?"

"दिसेल," मी म्हटलं. "मोठी कामं एकदम मिळत नाहीत. तुम्हाला तरी पहिल्या दिवशी साहेबाची खुर्ची दिली होती का?"

पेपरात डोकं घातलं. एक पान उलटलं नाही तासभर.

१७ फेब्रुवारी

कॉम्प्युटर म्हणतो जागा संपली! दुरुस्तीवालीला फोन केला. म्हणाली, नको असलेलं कापून टाका, हवं तेवढं ठेवा. कसं कापायचं ते फोनवरच शिकवलं. कात्रीचं चित्र दाबायचं, सुरुवात दाखवायची, शेवट दाखवायचा. एकसष्टाव्या वर्षी शिकले. कोण म्हणतं शिकता येत नाही?

आता प्रत्येक भागातून फक्त नर्स ठेवते. बाकी सगळं बाहेर. पहिली आत्याबाई! तिला पुसताना फार बरं वाटतं. नंतर कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा करते, नाही तर जागा सुटत नाही.

२ मार्च

आज नर्स नव्हती. पूर्ण भाग पुसला.

११ मार्च

स्पीकर घरघरायला लागला. मी म्हटलं, जाऊ दे, मला चेहरा बघायचा आहे, ऐकायचं काय आहे? हे उठले, पेचकस आणला, स्पीकर उघडून दुपारभर खाली मान घालून बसले. साडेसातच्या आत आवाज खणखणीत. घरघर सहन होत नाही, म्हणाले. स्वतःच्या कानाला त्रास झाला की बरोबर हात चालतात.

आणखी एक. हल्ली फिरून सव्वासातलाच परततात. पूर्वी आठच्या आत कधी आले नाहीत. मला सुखाने बघू द्यायचं नाही, दुसरं काय! आणि खुर्ची खिडकीकडेच.

२४ मार्च

कापत बसले होते. मागून ह्यांचा आवाज आला, "काय पुसतेस?"

"आत्याबाईला. रोजच पुसते. कंठाळी बया!"

हे म्हणाले, असू दे की थोडं. मी म्हटलं, जागा काय तुम्ही देणार? जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. मालिकेतली बाई पुसली म्हणून ह्यांना राग! मग मीही सरळ ताट झाकून ठेवलं.

१९ एप्रिल

नर्सला बढती! आज ती दारामागे उभी राहून डॉक्टरांचं बोलणं ऐकत होती. पूर्ण दीड मिनिट. डोळे काय बोलके! हे डोळे मी लहानपणी काजळ घालून मोठे केलेत.

टोमणे बंद झालेत ह्यांचे. तोंड दिसलं का, असं महिन्याभरात विचारलं नाही. घाबरले असतील.

६ मे

उद्या!!

उद्याच्या भागाची झलक दाखवली. नर्सच हॉस्पिटलची खरी वारस! उद्या सगळ्यांसमोर मास्क काढणार. मग मी उठले, ह्यांच्या हातातला पेपर काढून घेतला.

"उद्या साडेसातला खुर्ची इकडे. तोंड दिसलं की तुमचा शब्द पाळायचा. फोन तुम्ही स्वतः करायचा आणि घरी ये म्हणायचं."

ह्यांचा चेहरा कसनुसा झाला. "अगं, ऐक तरी. ती..." म्हणाले.

"एक अक्षर नको," मी म्हटलं. "चार महिने पाठ फिरवून बसलात. आता उद्या काय ते बघून बोला."

मग मी लेकीच्या पलंगावरची चादर बदलली. जुन्या चादरीवर तिला झोपवणार नाही.

७ मे

मास्क काढला. कुणी तरी वेगळीच मुलगी. ओळखदेखसुद्धा नाही.

खुर्ची वळवून बसले होते ह्या वेळी. पडद्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "ती यात दिसत नाही गं. आत्याबाई दिसते दुसरीच, पण तिला आवाज आपल्या लेकीचा आहे. घोगरा काढते, पण कानावर पडला त्याच दिवशी मी ओळखला. सांगायची लाज वाटली. रोज ऐकत होतो."

बहिणीला फोन लावून आत्ता नंबर मागून घेतायत. तोंड दिसायची काही गरज नाही, घरी ये, असं सांगणार म्हणतात.

मी कॉम्प्युटरपुढे बसलेय. आत सगळी ती परकी मुलगी जपून ठेवलेली आहे. माझ्या लेकीचा एक शब्द नाही. रोज तिला मीच पुसलं.