पाणी म्हण, मग पाणी

देवास, ७ एप्रिल, दुपारी
स्पीच थेरपीच्या उर्वी मॅडमकडे जाऊन आलो. विहंग लवकरच चार वर्षांचा होईल. चालायला उशिरा लागला. शब्द अद्याप एकही नाही. कान तपासले, ठीक आहेत. मॅडम म्हणाल्या, "चीज़ दिखाइए, थोड़ा रुकिए. इशारा भी करे तो नाम लेकर दे दीजिए." इशाऱ्याची सवलत बहुधा कमी अभ्यासू पालकांसाठी असावी. दहावीला मी केंद्रात पहिली होते. आम्ही थेट शब्दावर जाऊ.
संकल्प: वीस तारखेला धारला, वल्लरीवन्संच्या साखरपुड्यात, विहंग सर्वांसमक्ष 'पाणी' म्हणेल.

९ एप्रिल
नियम लागू. शब्द नाही, तर पेला नाही. विहंगने माझा हात धरून माठावर ठेवला. मी काढून घेतला. त्याने पुन्हा ठेवला. मग फरशीवर आडवा होऊन टाचा आपटू लागला. मी शांत होते. (कानांत बोटे घातली होती, परंतु शांत होते.) अंशुलने ऑफिसातून येताच त्याला पाणी पाजले. बाह्य हस्तक्षेपामुळे प्रयोग बिघडला.

१२ एप्रिल
प्रगती. आज रडला नाही. स्टूल ओढत नेऊन स्वतःच पाणी घ्यायला गेला. माठ फुटला. अंशुल म्हणाला, "अगं, त्याला तहान लागलीये, परीक्षा द्यायची नाहीये." पुरुषांना पद्धतशीर काम समजत नाही. पाणी आता उंच फळीवर.

१५ एप्रिल
भिंतींवर पेल्याची, नळाची, विहिरीची चित्रे लावली. हात पोहोचेल तेवढी सर्व विहंगने फाडली. विषयात रस आहे, हे स्पष्ट. शेजारच्या गुड्डीभाभी म्हणाल्या, "आप भी तो कभी बोला करो! दो साल हो गए, आपकी आवाज नहीं सुनी." मी हसले. उत्तर मनात तयार होते.

धार, १९ एप्रिल
सासरी पोहोचलो. विहंगला जवळ घेत सासूबाई म्हणाल्या, "पोर तुझ्यावर गेलंय गं. लग्नात सगळ्यांनी नाव घे, नाव घे केलं, तर तू घामाघूम! शेवटी अंशुलनंच दोनदा घेतलं." सगळे हसले. उद्या हे हसू मावळेल.

२० एप्रिल, सकाळी
घर पाहुण्यांनी भरले आहे. विहंगला कोणीही पाणी देऊ नये, असे सर्वांना बजावले (अंशुलकरवी. तो कुरकुरला, पण सांगून आला). सासूबाई म्हणाल्या, "वेडी आहेस का? एप्रिल आहे, बच्चा आहे तो!" मी मान खाली घालून ठाम राहिले.

दुपारी
पंगत बसली. पेला त्याच्यासमोर धरला. सारे पाहत होते. तो पेल्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. ओठ सुकले होते. त्याने हात पुढे केला. मी पेला मागे घेतला. तो वळून निघून गेला. मला वाटले, विचार करतो आहे.
फाटक उघडे आहे. विहंग घरात नाही.

संध्याकाळी
हे नीट लिहिणे आवश्यक आहे.
अंशुल गच्चीवर शोधायला गेला, मी गल्लीत धावले. उजवीकडे तलावाचा रस्ता, डावीकडे बाजाराचा. हाक मारायची होती. तोंड उघडले. आवाज आलाच नाही. चारी बाजूंना अनोळखी माणसे, आणि माझ्या मुलाचे नाव माझ्या घशातून निघेना. कोपऱ्यावरच्या उसाच्या रसवाल्याने विचारले, "क्या हुआ, भाभीजी?" मी हात कमरेपाशी आडवा धरून उंची दाखवली. तेवढेच जमले.
"पीले कुर्ते वाला? ये बैठा!"
गाड्यामागच्या बाकावर विहंग पाय हलवत बसला होता, सदरा गळ्यापासून ओला. रसवाला म्हणाला, "आया, जग पे हाथ मारा, तो पिला दिया. तीन गिलास पी गया."
विहंगकडे त्याने शब्द मागितला नव्हता. माझ्याकडेही नाही.

२१ एप्रिल, सकाळी
विहंगने रिकामा पेला माझ्या पोटावर दाबला. मी "पाणी" म्हणाले आणि भरून दिला. आवाज फारच बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाले. तो अर्धे प्यायला, अर्धे माझ्या साडीवर ओतले.
स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या. "बोलला? पाणी म्हणाला?"
"नाही, आई," म्हटले, "मी म्हणाले."