मर लागलेलं वावर

अंबरपेठ, हैदराबाद
२० जानेवारी १९५७

तीर्थरूप दादांना दिगंबरचा नमस्कार.

मी बरा आहे, आईला तसंच सांगा. तिचा खोकला कमी झाला का? हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटलं गेलं, तशी आमची शेतकी कचेरीही. माझं नाव अजून कुठल्याच राज्याच्या यादीत नाही.

मर रोगानं उभी वाळलेली तूर गाडून सहा वर्षं मी कचेरीच्या शेतातलं एक वावर मुद्दाम रोगट केलं होतं. त्यात जे झाड जगतं, त्याचं बळ बियात उतरतं. नव्या साहेबांना ती घाण वाटली. परवा नांगर फिरवला. चारशेंतली जगलेली तीन झाडंही गेली.

आता आधी जगलेल्या झाडांचं, तुम्हाला पाठवलेलं मूठभर बीच काय ते उरलंय. जपायचं म्हणून तुम्ही ते चांगल्या रानात पेरलंत. तिथं सगळंच जगतं, दादा, बळाचं कोणतं ते कळत नाही. यंदा मृगात त्याचं आलेलं बी, आपली तूर मर लागून वाळली तिथंच पेरा. मेलेली झाडं फेकू नका, तिथंच गाडा. वावर खराब होईल, पण मला आता दुसरं वावर नाही.

तुमचा,
दिगंबर